मागाची वीज आणि कन्हानचे पाणी

भिवंडीच्या यंत्रमागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर असते, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोवॉट. बारा तासांच्या पाळीत ती पूर्ण भाराने चालली असे धरले, तर नऊ युनिट वीज लागते. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही दगडी कोळशापासून होते आणि आपल्याकडच्या केंद्रांत एका युनिटसाठी ढोबळमानाने सातशे ग्रॅम कोळसा जळतो. या कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४५ असते. तेव्हा युनिटमागे पाव किलो राख धरायला हरकत नाही. एका मागाची एका पाळीची राख झाली सव्वादोन किलो. एक कामगार सहा माग सांभाळत असेल, तर साडेतेरा किलो.

मागाखाली ही राख पडत नाही. ती कुठे पडते आणि तिथल्या लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे त्यामुळे काय होते, ते आपण पाहू.

भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर ही कंपनी महावितरणच्या वतीने वीज वाटप करते. वीज मात्र महावितरणची, आणि महावितरण ती महानिर्मितीकडून व इतरांकडून घेते. तारेतल्या विजेवर गावाचे नाव लिहिलेले नसते, त्यामुळे अमुक मागाची वीज अमुक केंद्राची असे सांगता येत नाही. पण महानिर्मितीची मोठी केंद्रे विदर्भात आहेत आणि त्यांपैकी कोराडी व खापरखेडा ही दोन नागपूरच्या अगदी जवळ, शहराच्या उत्तरेला आहेत. भिवंडी तालुक्यातल्या आमण्याहून समृद्धी महामार्गाने निघाले, तर ७०१ किलोमीटरवर नागपूर येते. वीज हेच अंतर उलट दिशेने, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत कापते. राख तिथेच राहते.

कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. ते दिवसभर पूर्ण भाराने चालले, तर सुमारे पावणेपाच कोटी युनिट वीज होईल. आपल्या पाव किलोच्या हिशेबाने राख झाली बारा हजार टन, तीही एका दिवसाची. (असे मोठे संच थोडा कमी कोळसा खातात आणि सतत पूर्ण भाराने चालतही नाहीत, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी असतो.) यातली थोडी जड राख भट्टीच्या तळाशी पडते. बाकीची पिठासारखी बारीक राख धुराबरोबर उडते आणि चिमणीच्या आधी विजेच्या साहाय्याने पकडली जाते. एवढी राख हलवायची जुनी आणि सोपी युक्ती म्हणजे तिच्यात भरपूर पाणी मिसळायचे आणि पंपाने नळातून दूरच्या तळ्यात नेऊन सोडायचे. तळ्यात राख खाली बसते आणि वरचे पाणी सांडव्यावाटे बाहेर पडते. एक भाग राखेला दहा भाग पाणी हे प्रमाण अशा जुन्या पद्धतीत नवलाचे नाही. म्हणजे आपल्या सहा मागांच्या साडेतेरा किलो राखेला १३५ लिटर पाणी लागले. आपल्याकडे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असा दंडक आहे. आकडा जुळला हा योगायोग, पण मुलांच्या लक्षात राहण्यासारखा आहे.

कोराडीच्या परिसरातली कोलार नदी पुढे कन्हानला मिळते. कन्हान नदीवर, कन्हान गावाजवळ, नागपूर महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. शहराचे पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येते, पेंच प्रकल्पातून आणि या कन्हानमधून. म्हणजे राखेची तळी वरच्या अंगाला आणि पिण्याचे पाणी उचलणारे पंप खालच्या अंगाला, अशी मांडणी आहे. १६ जुलै २०२२ रोजी, मुसळधार पावसात, कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख-तळ्याचा बांध फुटला. राखेचे पाणी शेतांत, वस्त्यांत आणि नाल्यांवाटे नदीत गेले. बांध फुटणे ही बातमी होते. सांडव्यावरून किंवा गळक्या नळातून वर्षभर थोडे थोडे पाणी जाणे, ही बातमी क्वचितच होते.

या पाण्यात असते काय? दोन प्रकारचे पदार्थ असतात आणि त्यांच्यातला फरक समजणे हाच या विषयाचा गाभा आहे. पहिला प्रकार तरंगत्या कणांचा. तो डोळ्यांना दिसतो आणि वेळ दिला तर खाली बसतो. दुसरा प्रकार विरघळलेल्या क्षारांचा व मूलद्रव्यांचा. तो दिसत नाही आणि कितीही वेळ दिला तरी बसत नाही. कामवारी नदीत रंगाईचे पाणी उतरले की भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही कळते. राख-तळ्याच्या सांडव्यावरचे पाणी मात्र चांगल्या दिवशी नितळ असते, आणि नितळ पाण्यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो.

कोळशात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, फ्लोरिन ही मूलद्रव्ये अगदी अल्प प्रमाणात असतात. भट्टीच्या उष्णतेने त्यांची वाफ होते. धूर थंड होऊ लागला की तिचा मोठा भाग जवळच्या राखेच्या कणांवर जमा होतो, जसे थंड पेल्यावर बाहेरून दव जमते तसे. कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त. एक सेंटिमीटरचा खडू फोडून त्याची पूड केली तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग हजारोपट वाढतो. म्हणून ही मूलद्रव्ये सर्वांत बारीक राखेवर, आणि तीही कणाच्या पोटात नव्हे तर पाठीवर बसतात. पाण्यात पडताच ती धुऊन निघायला वेळ लागत नाही.

पुढे पाण्याचा अल्कधर्मीपणा ठरवतो की कोणी विरघळलेले राहायचे. शिसे, तांबे यांसारखे धातू अल्कधर्मी पाण्यात बहुतांशी साका होऊन बसतात. आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन यांचे तसे नाही. ते ऑक्सिजनशी जोडलेल्या ऋण आयनांच्या रूपात असतात आणि अल्कधर्मी पाण्यातही मजेत विरघळून राहतात.

याची कल्पना वर्गात देता येते. सायझिंगच्या लाकूड जाळणाऱ्या बॉयलरची किंवा चुलीची मूठभर राख काचेच्या बरणीत पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवा. वरचे नितळ पाणी गाळणकागदातून दोनदा गाळा. त्यात हळदीचा कागद बुडवला की तो लालसर होईल. थोडे पाणी स्टीलच्या ताटलीत आटवले की पांढरा थर उरेल. दोनदा गाळूनही हा थर कुठून आला, हा प्रश्न मुलांना विचारावा. (पाणी चाखू देऊ नये. शिवाय लाकडाच्या राखेतले क्षार आणि कोळशाच्या राखेतले क्षार सारखे नसतात, हेही सांगावे. कोळशाच्या राखेत हळद इतकी लाल होईलच असे नाही.)

आता जलशुद्धीकरण केंद्राकडे वळू. तिथे तुरटीने गढूळपणा बसवतात, वाळूतून पाणी गाळतात आणि क्लोरीनने जंतू मारतात. ही साखळी नदीच्या पुरासाठी आणि जंतूंसाठी उत्तम आहे. राखेचे कणही ती अडवते, पण राख जास्त आली की तुरटी जास्त लागते, वाळूचे थर वारंवार धुवावे लागतात आणि पाणी कमी निघते. विरघळलेले क्षार, फ्लोराईड आणि बोरॉन मात्र ही साखळी जवळजवळ जसेच्या तसे नळापर्यंत पोचवते. आर्सेनिकचा काही भाग तुरटीबरोबर बसतो, सगळा नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. थोड्याशा चुकीलाही तिथे जागा नाही.

क्लोरीनची एक वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डॅन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या वीज केंद्राने धुरातला गंधक काढण्यासाठी धूर पाण्याने धुवायला सुरुवात केली. हवा सुधारली. पण धुराबरोबर येणारा ब्रोमाईड त्या पाण्यातून नदीत गेला. खालच्या ईडन व मॅडिसन या गावांच्या शुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनशी आणि पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याशी त्याची गाठ पडली आणि ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगे मर्यादेपलीकडे वाढली. वास्तविक ब्रोमाईड स्वतः त्या प्रमाणात फारसा त्रासदायक नव्हता. आपल्याकडे धूर धुण्याची सक्ती २०१५ मध्ये झाली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना तीतून सूट मिळाली. सूट योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. जिथे धूर धुतला जाईल, तिथे धुण्याच्या पाण्याचा हिशेबही त्याच दिवशी मांडायला हवा.

उपाय काय? विरघळलेले पदार्थ पाण्यातून काढता येतात. लोहाचे क्षार घालून आर्सेनिक बसवता येते, विशिष्ट जिवाणूंकडून सेलेनियमचे रूपांतर घन रूपात करून घेता येते, पडद्यातून दाबाने पाणी गाळून उरलेले खारे पाणी आटवता येते. हे सगळे महाग आहे, आणि आटवायला पुन्हा उष्णता, म्हणजे कोळसाच लागतो. माझ्या मते खरा उपाय याच्या आधीच्या पायरीवर आहे. राखेत पाणी घालायचेच कशाला? कोरडी राख कोठारात साठवून बंद टँकरने सिमेंट कारखान्याला किंवा विटांच्या भट्टीला दिली, तर धुऊन निघण्याचा प्रश्नच मिटतो. सिमेंटमध्ये तीच राख चुन्याशी बांधली जाते आणि तिच्या पाठीवरची मूलद्रव्येही बऱ्याच अंशी अडकून पडतात. तळ्यात टाकायचीच असेल, तर घट्ट रबडी करून टाकता येते, ६० भाग राखेला ४० भाग पाणी. आपल्या साडेतेरा किलोला मग १३५ ऐवजी नऊ लिटर पुरतात, आणि रबडी सुकून घट्ट होत असल्याने सांडव्यावर पाणी फारसे येतच नाही.

मधला मार्ग म्हणजे तळ्याचे पाणी परत आणून पुन्हा राखेत मिसळणे. कागदावर तो सोपा दिसतो. पण फिरवून फिरवून पाण्यात कॅल्शियमचे क्षार वाढतात आणि नळांत दगडासारखी खपली धरते. सायझिंगच्या बॉयलरवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खपली काढण्याचा कंटाळा आला की परतीचा पंप बंद पडतो आणि सांडवा सुरू होतो. नुसते यंत्र बसवले आहे की ते चालते आहे, हे म्हणून तपासावे लागते.

सरकारी नियम यापूर्वीच आले आहेत. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ ची, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला. पाण्यासाठी २०१५ च्या नियमांत जुन्या, शीतक मनोरे असलेल्या केंद्रांना मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरची मर्यादा घातली गेली. कोराडीसाठी नागपूरचे दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची योजनाही उभी राहिली. तेवढे गोडे पाणी वाचते, हे मोठेच काम आहे. मात्र त्याने राखेतून सुटणाऱ्या आर्सेनिकवर काही होत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत आणि अहवालांत ते बहुधा एकाच मथळ्याखाली येतात.

राहता राहिली जुनी तळी. उद्या सगळी राख कोरडी उचलली, तरी दशकानुदशके साठलेले ढीग तिथेच आहेत. त्यांतल्या कितीतरी तळ्यांच्या तळाला अस्तर नाही. पावसाचे पाणी राखेतून मुरते आणि आसपासच्या विहिरींकडे सरकते. मंथन अध्ययन केंद्र आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट यांनी २०२१ मध्ये कोराडी-खापरखेडा परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासून घेतले, तेव्हा काही ठिकाणी धातू मर्यादेपेक्षा जास्त आढळले. अशा गावातल्या शाळेने विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत पाठवताना अर्जात फ्लोराईड, आर्सेनिक, सल्फेट आणि बोरॉन ही नावे स्वतःहून लिहावी. नुसते ‘पाणी तपासणी’ असे लिहिले की बहुधा जंतूंचा अहवाल येतो, आणि त्या अहवालात हे पाणी पिण्यास योग्य ठरू शकते.