गृहसंगणकाची निवड : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

घरात संगणक घ्यावयाचे ठरले, की बहुतेक कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो किती रुपयांपर्यंत जावयाचे हा. आणि त्या यंत्रावर कोण, कोणते काम, किती वेळ करणार, हा प्रश्न निघालाच तर वेष्टन उलगडल्यानंतर निघतो. या उलट्या क्रमामुळे पुण्याच्या तापकीर गल्लीत अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराच्या शिफारशीस नको इतके वजन येते. दुकानदार लबाडच असतो असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यास आपली गरज सांगता येत नाही, त्यास समोरचा जे आकडे सांगेल ते प्रमाण मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या आकड्यांपैकी सर्वांत जुना आणि अद्यापि सर्वांत प्रतिष्ठित आकडा गिगाहर्ट्झचा. तो जितका मोठा तितका प्रोसेसर वेगवान, असा समज सार्वत्रिक आहे. पण एखादा जासूद मिनिटास किती पावले टाकतो एवढ्यावरून तो दिवसाकाठी किती मजल मारील याचा अंदाज जसा बांधता येत नाही, कारण पावलाची लांबीही हिशेबात धरावी लागते, तसेच येथे आहे. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. २००६ साली त्याच कंपनीचा कोअर २ डुओ अवघ्या २.४ गिगाहर्ट्झवर त्यास मागे टाकू लागला, कारण प्रत्येक ठोक्यास तो अधिक काम उरकीत असे आणि त्यात कामाचे गाभेही दोन होते.

याचाच धाकटा भाऊ शोभेल असा समज म्हणजे ‘आय७’ हा ‘आय३’हून नेहमीच श्रेष्ठ. हे अंक एकाच पिढीतील दर्जा सांगतात. पिढी बदलली की ती तुलना निरर्थक ठरते. २०१६ सालच्या आय७-७५००यू मध्ये दोन गाभे होते, तर २०२२ सालच्या आय३-१२१५यू मध्ये सहा आहेत, आणि नाव कनिष्ठ असूनही बहुतेक कामांत हा दुसराच सरस ठरतो. तेव्हा ‘आय७ आहे’ एवढ्यावर समाधान न मानता पुढचा संपूर्ण क्रमांक आणि तो प्रोसेसर बाजारात आल्याचे साल विचारून घ्यावे. जुना माल खपविताना नेमका हाच तपशील हलक्या आवाजात सांगितला जातो.

परंतु संगणक ‘हळू चालतो’ ही जी घरोघरची तक्रार, तिचे मूळ पुष्कळदा प्रोसेसरमध्ये नसतेच. संगणक सुरू होताना त्यास हजारो लहान लहान फायली साठवणीच्या निरनिराळ्या जागांवरून गोळा कराव्या लागतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात, आणि हव्या त्या जागी वाचक-टोक नेऊन ठेवण्यास प्रत्येक वेळी सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. म्हणूनच महागडा प्रोसेसर आणि तबकडीची डिस्क अशी जोडी घेणारा मनुष्य, साधा प्रोसेसर आणि एसएसडी घेणाऱ्या शेजाऱ्याच्या मागे पडतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या ‘व्हायरस’वर ढकलतो. याच प्रकरणातला एक किरकोळ गैरसमजही येथेच निकालात काढावा : एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते, ती फसवणूक नसून मोजणीतील भेद आहे, उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

रॅमविषयी लोकांची श्रद्धा जवळजवळ औषधाच्या मात्रेसारखी झाली आहे. रॅम कमी पडली तर संगणक खचितच अडखळतो. पण गरज भागल्यावर ती दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट यांस ८ गिगाबाइट चालते, १६ असल्यास पुढील काही वर्षांची निश्चिंती होते; त्यापलीकडचा खर्च चित्रफितींचे संपादन करणाऱ्याने किंवा तत्सम जड काम असणाऱ्याने करावा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पाटीवरच डाखलेली असते व नंतर वाढविण्याची मुभा राहत नाही, हे मात्र खरेदीपूर्वी विचारावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचीही तीच कथा : खेळ, चित्रसंपादन, वास्तुरेखन यांवाचून त्याची निकड नसते, आणि चित्रपट पाहण्यासाठी ते घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

मराठीत लिहिण्यासाठी निराळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, ही समजूत वडीलधाऱ्या लेखकमंडळींत अजून टिकून आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा त्यात अंतर्भाव आहे, आणि इन्स्क्रिप्ट कळफलक आजच्या विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींत आयताच मिळतो.

एकाच मेजाशी बसून काम करणाऱ्यास त्याच किमतीत लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप अधिक ताकदीचा व दुरुस्तीस सोपा पडतो; मात्र जेथे भारनियमनाचा जाच आहे, तेथे यूपीएसचा खर्च त्यात आधीच धरावा.

आणि मुळात नवा संगणक हवाच काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले, आणि विंडोज ११ टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाची अट घालून इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर नाकारते, यावरून जुनी यंत्रे मोडीत काढण्याची घाई सुरू झाली आहे. परंतु उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली अशा पुष्कळ यंत्रांवर व्यवस्थित चालते. ज्या घरी पत्रे, हिशेब आणि चित्रपट एवढेच काम आहे आणि जुना संगणक धडधाकट आहे, तेथे तबकडीची डिस्क काढून एसएसडी बसवावी. नव्या खरेदीचे तेथे काही कारण नाही.