हुकूम आपला, काम यंत्राचे



कडबाकुट्टी यंत्र किती घरांचा आधार तोडते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. बीडमधल्या आमच्या वस्तीतल्या एका तरुणाची उजव्या हाताची चार बोटे अशीच गेली. मुलगा बारावी पास, अक्षर सुरेख. आई-बापाचे आयुष्य ऊसतोडीत गेले, आपण कोयता धरायचा नाही, कारकून व्हायचे, असे त्याने मनाशी पक्के केले होते. कारकून-टंकलेखकाच्या जागेला मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे प्रमाणपत्र मागतात. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काका, आता लिहायचं कशानं?"

मी स्वतः कारकून. माझी सारी भाकरी दहा बोटांवर. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज तोच मुलगा दर रविवारी विहारातल्या संगणकावर वस्तीचे अर्ज तयार करतो, आणि तेही तोंडाने बोलून! हे कसे घडले ते सविस्तर सांगतो, म्हणजे इतर गावांतल्या कार्यकर्त्यांनाही करून बघता येईल.

बोललेले लिहिणे वेगळे, हुकूम वेगळा

माणसाचे बोलणे ऐकून संगणकाने लिहावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ड्रॅगन कंपनीने १९९० साली असे सॉफ्टवेअर विकायला काढले. त्याची किंमत नऊ हजार डॉलर होती आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. सलग बोललेले समजणारे सॉफ्टवेअर त्याच कंपनीने १९९७ मध्ये आणले. मराठीची पाळी यायला आणखी वीस वर्षे लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. मोबाइलच्या कळफलकावरचे माइकचे चिन्ह दाबून पुष्कळ जण तिचा उपयोग करतात.

पण हे झाले बोललेले लिहून घेणे. हुकूम देणे ही त्यापुढची पायरी. आपण दोन शब्द उच्चारायचे आणि त्यामागे बांधून ठेवलेली चार-पाच कामे संगणकाने ओळीने करायची. याला संगणकाच्या भाषेत मॅक्रो म्हणतात.

ऊसतोडीला गेलेल्यांना हे लगेच समजेल. मुकादमाने पहाटे एक हाक दिली की टोळी उठते, फडात उतरते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. प्रत्येक काम वेगळे सांगावे लागत नाही. मॅक्रोमध्ये हाक आपली असते आणि राबणारे यंत्र असते.

हुकूम कसा लिहायचा?

विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत 'व्हॉइस ॲक्सेस' नावाची सोय आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात स्पीच, तिथे ती सुरू करता येते. एकदा भाषेची फाइल उतरवून घेतली की पुढे इंटरनेट लागत नाही. त्यातच २०२४ मध्ये 'व्हॉइस शॉर्टकट्स' आले. तिथे एका रकान्यात आपण काय बोलणार ते लिहायचे आणि खाली कोणती कामे व्हावीत ती क्रमाने भरायची.

निराधार अनुदानाच्या अर्जाचे उदाहरण घ्या. आमचा हुकूम आहे 'पेन्शन लेटर'. त्यामागची साखळी अशी:

पहिले काम, वर्ड उघडणे. दुसरे, काही सेकंद थांबणे. तिसरे, एंटर दाबून कोरे पान घेणे. चौथे, पुन्हा थोडे थांबणे. पाचवे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा मा. तहसीलदार साहेबांच्या नावाचा संपूर्ण मराठी मजकूर पानावर चिकटवणे.

आमच्या संगणकावर हुकूम इंग्रजी शब्दांतच द्यावा लागतो, कारण यंत्र तिथे इंग्रजी ऐकत असते. पण चिकटवायचा मजकूर मराठीत चालतो. ही युक्ती सापडली आणि आमचे काम सुकर झाले. बोलायचे दोन सोपे इंग्रजी शब्द, उमटते अख्खे मराठी पान. भाषा निवडताना भारतीय इंग्रजी निवडावी, म्हणजे आपले उच्चार यंत्राला लवकर समजतात.

थांबण्याची वेळ मात्र जपून भरावी. विहारातला संगणक जुना, वर्ड उघडायला वेळ घेतो. वेळ कमी भरली तर मजकूर पान उघडण्याआधीच सुटतो आणि वाया जातो. हुकमासाठी नेहमीच्या बोलण्यातला एकच शब्द ठेवू नये, दोन शब्दांची जोडी ठेवावी. काम संपले की 'व्हॉइस ॲक्सेस स्लीप' म्हणावे. नाहीतर विहारातल्या गप्पाही यंत्र हुकूम समजून ऐकत बसते.

चूक कुठे होते?

एक चूक माझ्याच हातून झाली, ती लपवत नाही. नमुना साठवताना आधीच्या अर्जदाराच्या गावाचे नाव त्यात तसेच राहिले. पुढे एका विधवा मावशीच्या अर्जावर ते परके गाव छापून गेले. अर्ज परत आला. मावशीचा एक दिवसाचा रोज बुडाला, एसटीचे भाडे वेगळे. यंत्र हुकमाचे ताबेदार असते. हुकमात चूक असेल तर ती चूकही ते इमानाने शंभर वेळा करते.

तेव्हापासून नाव, गाव, तारीख यांच्या जागा नमुन्यात कोऱ्या असतात. नववीतली एक मुलगी शेजारी बसून त्या भरते आणि अर्ज मोठ्याने वाचून दाखवते. अर्जदाराने मान डोलावल्याशिवाय कागद छापायचा नाही, असा आमचा नियम आहे. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड यांपैकी काहीही हुकमात साठवायचे नाही, हा दुसरा नियम.

कागदावरच्या एका शब्दाचे मोल आपल्याइतके कोणाला ठाऊक? अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा उल्लेख यावा यासाठी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! म्हणून सांगतो, यंत्राने लिहिले म्हणजे बरोबरच असेल, या भ्रमात राहू नका.

रत्तूंची आठवण

या निमित्ताने नानकचंद रत्तू यांची आठवण होते. दिल्लीत दिवसभर सरकारी नोकरी करून ते २६, अलिपूर रोडला येत आणि परमपूज्य बाबासाहेबांची हस्तलिखिते टंकलिखित करीत. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथामागे या कारकुनाची बोटे राबली आहेत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही बाबासाहेबांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद नजरेखालून घालण्यासाठी मागून घेतले होते, अशी नोंद रत्तूंनी केली आहे. शरीर थकलेले, दृष्टी मंदावलेली, तरी कागद स्वतः तपासायचा! आपण तर एका पानाचा अर्ज लिहितो. तो तपासायला आळस कशाला?

आता आपण काय करावे?

पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसऱ्याचे हुकूम ऐकले. गावकीचे ऐकले, मुकादमाचे ऐकले. यंत्राला हुकूम लिहून द्यायला मोठी पदवी लागत नाही. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याचा नीट विचार तेवढा लागतो. आपल्या मुला-मुलींनी मोबाइलवर नुसते बोलून थांबू नये, हुकूम बांधायलाही शिकावे. ज्या विहारात संगणक आहे तिथे रविवारचे दोन तास यासाठी द्यावेत. आणि वस्तीत हात अधू झालेला कोणी असेल, तर पहिली खुर्ची त्याला द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्या जागांपर्यंत पोचायचे तर कामाचा सराव हवाच.

आमचा तो मुलगा अशाच जागेसाठी आता अभ्यास करतो आहे. गेल्या रविवारी मावशीचा दुरुस्त केलेला अर्ज त्यानेच तयार केला. मावशीने कागदावर अंगठा टेकवला आणि म्हणाली, "लेकरा, तुझं तोंड खाली पडू नये."

जयभीम!