बी.पी.चे मशीन खरे बोलते का?

नागावच्या वस्तीत रविवारी वंदना झाली की आम्ही विहारातच बी.पी. तपासतो. गेल्या महिन्यात नारळ-सुपारीच्या वाडीत कामाला जाणाऱ्या एका मावशींचे वरचे बी.पी. १५६ निघाले. त्या म्हणाल्या, "सिस्टर, पंधरा दिवसांमागं तर १३४ होतं. म्हणून गोळी सोडली." त्यांनी जिथे तपासले होते, तिथले मशीन आम्ही जाऊन पाहिले. हवा पूर्ण सोडली तरी काटा शून्याच्या बराच खाली. मशीन चुकले, गोळी मावशींची सुटली.

मशीन दाब मोजते कसे? पट्टा फुगवला की दंडाची रक्तवाहिनी दाबली जाते. हवा सोडताना रक्त पुन्हा धक्क्याने वाहू लागते, तेव्हाचा दाब हा वरचा आकडा. त्याचा आवाज बंद होतो, तेव्हाचा खालचा.

मशीन तीन प्रकारचे असते.

पाऱ्याचे : १८९६ मध्ये इटलीच्या डॉ. रिवा-रोची यांनी आणले. भरवशाचे, पण पारा विषारी. मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. आता ते मागे पडत आहे.

काट्याचे : आतली पातळ धातूची डबी दाबाने फुगते आणि काटा फिरवते. आपटले की बिघडते.

डिजिटल : आत सिलिकॉनचा इवलासा पडदा असतो. दाबाने तो वाकतो, विजेच्या प्रवाहात फरक पडतो. नाडीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या दाबाला बसणारे हेलकावे पकडून मशीन हिशेबाने आकडा काढते. घरी हेच सोयीचे. मात्र दंडाचे घ्या, मनगटाचे नको. ठोके अनियमित असतील तर याचाही आकडा चुकू शकतो.

तपासताना एवढे पाहा :

- काटा शून्यावर आहे का, आधी बघा.
- पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको.
- पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच वाढतो.
- बोलू नका. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या वर गेले आणि छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे असे काही असेल तर तडक रुग्णालय गाठा. सुकट, सुके बोंबील, लोणचे यांतले मीठही विसरू नका.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला सांगितली. मशीनचा आकडाही तसाच तपासा. आणि एका चांगल्या आकड्यावर गोळी कधीच बंद करू नका. मावशींची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आहे.