अनाकापा: केल्पच्या रानात बुडी

बेट

दक्षिण कॅलिफोर्नियात व्हेंच्युराच्या किनाऱ्यासमोर अनाकापाचे तीन खडकाळ तुकडे ओळीने उभे आहेत. १९८० पासून ते चॅनल आयलंड्स नॅशनल पार्कमध्ये येतात. पूर्वेकडच्या तुकड्याला पुळण नाही, सरळ कडेच आहेत. त्यामुळे बहुतेक डायव्हर बोटीवरूनच उडी मारतात.

केल्प

जायंट केल्प हे समुद्रशेवाळ. त्याला मुळं नसतात. तळाशी बोटांसारख्या फांद्यांचा गुंता खडकाला घट्ट धरून असतो आणि प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा फुगा असतो, म्हणून ते ताठ उभं राहतं. थंड, पोषक पाण्यात ते दिवसाला ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतं. वर पोचलं की पाण्यावर आडवं पसरतं.

अडकलात तर

खाली देठांमधून आरामात फिरता येतं. अडचण असते ती वरच्या दाट थरात. बहुतेकदा सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा फिनचा पट्टा अडकतो. अशा वेळी गर्रकन वळू नये, कारण वळलं की देठ अंगाभोवती गुंडाळतो. थांबायचं, हाताने चाचपायचं, जोडीदाराला खूण करायची. ओढून देठ तुटत नाही, पण काडकन दुमडला की मोडतो. सुरी नंतर. माझ्या मते सुरीपेक्षा शिल्लक हवा जास्त कामाची: ती असेल तर खालूनच पोहत मोकळ्या पाण्यात जाऊन वर येता येतं. संपत आली असेल, तर वरून पाती हाताने खाली दाबत हळूहळू सरकावं लागतं, आणि त्यात दम निघतो.

थंडी

ऋतूनुसार पाणी साधारण १३ ते २० अंश सेल्सियस. सात मिलिमीटरचा वेटसूट आणि डोक्याला हूड हवाच. तारकर्लीला डायव्हिंग केलेल्यांना कमरेचं शिसं जड वाटेल. जाड सूट तरंगतो, त्याला इलाज नाही.

रान कशामुळे टिकलं

सी अर्चिन हे काटेरी प्राणी केल्प बुडापासून कुरतडतात. त्यांना खाणारे सागरी ऑटर कातड्याच्या व्यापाराने इथून संपवले. उरले शेवंड आणि शीपहेड मासा, पण त्यांनाही माणसाचं गिऱ्हाईक. बेटाच्या पूर्व भागातल्या एका छोट्या पट्ट्यात १९७८ पासून मासेमारी बंद आहे. तिथे शेवंड मोठे झाले, अर्चिन आटोक्यात राहिले आणि केल्प टिकलं. बाहेर मात्र कित्येक ठिकाणी नुसता खडक उरला. बंदी डायव्हरलाही लागू आहे: शेवंड कपारीतून मिशा हलवत बसलेला दिसेल, पण हात लावायचा नाही. भडक नारिंगी गॅरिबाल्डी मासा तर घरट्यातली अंडी राखताना स्वतःच मास्कवर चालून येतो.