चार्जिंगच्या सवयी आणि बॅटरीचे आयुष्य

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला. अशा वेळी दूर गावी असलेल्या आईवडिलांशी मुलांचा संपर्क राहतो तो हातातल्या मोबाईलवर. तो अंधारात किती तास साथ देईल, हे बऱ्याच अंशी आपण आधीच्या वर्षांत त्याला कसे वागवले यावर अवलंबून असते.

मोबाईलमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आली आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. वापरताना ते परत फिरतात. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. या अवस्थेत आतील द्रव हळूहळू विघटित होतो, ग्राफाइटवरचे पापुद्र्यासारखे आवरण जाड होते आणि काही लिथियम त्यात कायमचे अडकते. उष्णतेने ही क्रिया वेगावते. म्हणून रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाईल (वसतिगृहात हे दृश्य दुर्मीळ नाही) दुहेरी नुकसान सोसतो. फोन भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबते हे खरे. पण भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहणे टळत नाही.

‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियमला तो लागू नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान, थोडे थोडे चार्जिंग तिला अधिक मानवते. दोनदा पन्नास टक्के भरले तरी ते एकच पूर्ण आवर्तन गणले जाते. कपाटात ठेवायची पॉवर बँक अर्धी भरून ठेवावी. पुराचा इशारा मिळाला की मात्र हे सारे नियम बाजूला ठेवून सर्व काही शंभर टक्के भरावे. एका रात्रीने काही बिघडत नाही.

याच इमारतीतील इन्व्हर्टरची बॅटरी मात्र अगदी उलट स्वभावाची आहे. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते यांनी तयार केलेल्या शिसे-आम्ल घटाचेच हे रूप. अर्धवट उतरलेल्या स्थितीत ती पडून राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि पुढे चार्जिंग केले तरी ते सहजी विरघळत नाहीत. तिला नेहमी पूर्ण भरलेलेच ठेवावे लागते. डिस्टिल्ड वॉटरची पातळीही वेळोवेळी पाहावी लागते. उन्हाळी सुट्टीत वसतिगृहाला कुलूप लागते, काटकसर म्हणून मुख्य स्विच बंद केला जातो आणि ही बॅटरी दीड महिना हळूहळू उतरत राहते. जूनच्या पहिल्या वादळी रात्री वीज गेली की अभ्यासिकेतील दिवे पंधरा मिनिटांतच मालवतात आणि बोल मात्र कंपनीला लागतो. इन्व्हर्टरपुरता वीजपुरवठा सुट्टीतही चालू ठेवला, तर नवी बॅटरी घेण्याचा मोठा खर्च पुष्कळ काळ लांबतो.