वाघोबाचा माग, नॉर्वेपासून वारली पाड्यापर्यंत

मार्च २०२४च्या अखेरीस वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि पुढचे तीन-साडेतीन आठवडे वसईकरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पहाटे किल्ल्यात फिरायला जाणाऱ्यांचं फिरणं बंद झालं, वन विभागाने कॅमेरे बसवले, पिंजरे लावले आणि एप्रिलमध्ये एकदाचा तो सापडला. पण समुद्राला टेकलेल्या किल्ल्यात हा आला तरी कुठून, हे कोडं जो तो एकमेकांना घालत होता.

बिबट्या किती चालतो आणि कुठून कसा जातो, हे २००९ सालीच महाराष्ट्राला कळलं होतं. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक थोराड नर वन विभागाने बाहेर काढला. स्वभावाने शांत, म्हणून संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून आजोबा निघाले ते थेट मुंबईकडे. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईचा औद्योगिक पट्टा मागे टाकला, खाडी पोहून पार केली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठलं. अंतर सुमारे १२० किलोमीटर, वेळ जेमतेम महिनाभर. एवढ्या प्रवासात त्याने कुणा माणसाला साधा ओरखडाही काढला नाही. २०११ मध्ये मात्र वाहनाची धडक बसून तो मेला. पुढे सुजय डहाके यांनी त्याच्यावर ‘आजोबा’ हा चित्रपट काढला, तो अनेकांना आठवत असेल.

हा पट्टा बांधणाऱ्या प्रकल्पात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि वन विभाग यांच्या जोडीला नॉर्वेचे संशोधक होते: ट्रॉन्डहाइमच्या निसर्ग संशोधन संस्थेचे जॉन लिनेल आणि हेडमार्क विद्यापीठ महाविद्यालयाचे मॉर्टेन ओडेन. नॉर्वेला आपल्या बिबट्याचं काय पडलंय, असं कुणालाही वाटेल. पण तिथेही मेंढरं उन्हाळाभर डोंगरावर मोकळी चरतात, लिंक्स आणि लांडगे ती मारतात, सरकार भरपाई देतं आणि लांडगा ठेवावा की मारावा यावर राजकारण तापतं. माणसाच्या वस्तीत हिंस्र प्राणी राहणार असतील तर कसे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. फरक इतकाच, की नॉर्वेत माणसं विरळ आणि आपल्याकडे दर चौरस किलोमीटरला शेकड्यांनी.

या कामाची खरी पाळंमुळं जुन्नरमध्ये आहेत. २००१च्या सुमारास तिथे बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. कल्पना वरवर शहाणपणाची होती: गावात आला, उचला, रानात सोडा. घडलं उलटंच. या मंडळींनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, माणसांवरच्या हल्ल्यांची वर्षाची सरासरी आधी ४ होती, ती १७वर गेली. अनोळखी मुलखात टाकलेला, बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरतो, हा त्यातून काढलेला निष्कर्ष आज देशभर उद्धृत होतो. वन खात्यावरचा दबाव मात्र अजूनही ‘पिंजरा लावा’ असाच असतो.

मग अकोले तालुक्यात कॅमेरे लागले. ऊस, टोमॅटो, विहिरी, वस्त्या. अभ्यासाच्या टापूत अभयारण्य नावालाही नाही. तरीही १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ ५ प्रौढ बिबटे निघाले. विष्ठा तपासली तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा दिसला, ३९ टक्के. पट्टे बांधलेली जनावरं दिवसा आडोशाला पडून राहत आणि रात्री घरांच्या अगदी जवळून जात. घरातल्यांना बहुधा पत्ताही लागत नसे.

इथवर सगळा अभ्यास बिबट्याचा झाला. माणसाचा अभ्यास त्यानंतर झाला आणि या सहकार्यातला तोच भाग सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी २०१८-१९ मध्ये पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वारली पाड्यांवर जाऊन वाघोबा या वाघ-बिबट्यांच्या देवाची ठाणी नोंदवली. तब्बल १५० ठाणी सापडली. कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेलं लाकूड. संशोधक भगतांशी बोलले, गुराख्यांशी बोलले, वाघबारशीला हजर राहिले. शहरात वसुबारसेला गाय-वासरू पुजतात, त्याच सुमारास पाड्यावर वाघोबाला कोंबडं पडतं. कथेचा गाभा असा, की गुरं मारणाऱ्या वाघोबाचा आणि गावाचा तंटा झाला, त्याच्या आईने मध्यस्थी केली आणि ठरलं: गावाने त्याला ठाणं द्यायचं, वर्षातून एकदा मान द्यायचा, त्याने सांभाळून असायचं. शेळी गेली तर नुकसान होतंच, दुःखही होतं. पण ते या देण्याघेण्याच्या हिशेबात बसतं. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि लिनेल त्याचेही सहलेखक आहेत.

याला अंधश्रद्धा म्हणून हसणं सोपं आहे. वारल्यांचं बिबट्याशी सगळं गोडीगुलाबीचं आहे असं सांगत सुटणंही तितकंच सोपं, आणि शहरी लेखकांना त्याचा मोह फार. संशोधकांनी दोन्ही टाळलं. वन खात्याने भरपाई आणि जनजागृती करताना पाड्यावर आधीपासून असलेली ही व्यवस्था विचारात घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. राष्ट्रीय उद्यान आणि तुंगारेश्वर यांच्यामध्ये खाडी, वसई-दिवा रेल्वे आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता. २०२१ मध्ये पट्टा बांधलेला ‘महाराजा’ नावाचा बिबट्या हा लोहमार्ग आणि रस्ता ओलांडून तुंगारेश्वरला पोचला, म्हणजे आजोबांची वाट अजून बुजलेली नाही. पण त्याच पट्ट्यातून मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, बुलेट ट्रेन आणि विरार-अलिबाग मार्गिका यांची आखणी झाली आहे. रस्त्याखालून जनावरांसाठी मोऱ्या कुठे ठेवायच्या, हे ठरवायला अशाच नोंदी लागतात.

बिबट्याच्या असोत की ठाण्यांच्या, या नोंदी दर वेळी ट्रॉन्डहाइमच्या मदतीनेच व्हाव्यात असं नाही. हे बहुतेक शोधनिबंध इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात, पण इंग्रजीत. वसई-विरारच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणारी, घरी वारली बोलणारी मुलंमुली आहेत. पाड्यावर गेल्यावर त्यांना दुभाषा लागणार नाही, आणि भगत त्यांच्याशी ज्या मोकळेपणाने बोलेल तो बाहेरच्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. पुढची ठाणी मोजायची ती त्यांच्याकडूनच मोजून घ्यावीत, आणि निबंधावर त्यांची नावंही असावीत.