शेतकऱ्याच्या घरचे पहिले वेल्डिंग यंत्र

ऐन पेरणीत पेरणीयंत्राच्या सांगाड्याचा एखादा सांधा सुटला, म्हणजे तो जोडून आणण्यासाठी तालुक्याच्या गावी धाव घ्यावी लागते आणि तोवर वाफसा निघून जातो. घरी लहानसे वेल्डिंग यंत्र असल्यास ही अडचण पुष्कळ अंशी टळते. मात्र यंत्र निवडताना किमतीच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : जोडावयाचे लोखंड किती जाड आहे, आणि घरची वीज किती भार सोसते.

यंत्राचा प्रकार : तारेवर चालणारे मिग यंत्र पातळ पत्र्यास चांगले, परंतु त्यास बहुधा वायूचा सिलिंडर लागतो व उघड्या रानात वाऱ्याने तो वायू उडून जातो. जुन्या धर्तीचे ट्रान्सफॉर्मर यंत्र दणकट खरे, पण वजनाने जड असून वीज अधिक ओढते. नवशिक्या शेतकऱ्यास रॉडवर चालणारे लहान इन्व्हर्टर यंत्र सोयीचे होय. ते हाती उचलून नेता येते व उघड्यावरही काम देते. धूळ आणि ओल यांपासून मात्र ते जपावे.

यंत्राची शक्ती : फाटक, गव्हाणीची चौकट, अवजाराचा सांगाडा अशा 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या कामास 2.5 मिलिमीटरचा रॉड सुमारे 60 ते 90 अँपिअरवर, तर 3.15 मिलिमीटरचा रॉड सुमारे 90 ते 130 अँपिअरवर चालतो. यास्तव खरोखर 160 अँपिअर देणारे यंत्र पुरेसे आहे. यंत्रावर ‘ड्यूटी सायकल 60 टक्के’ असे लिहिले असल्यास, दिलेल्या अँपिअरवर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती, असा त्याचा अर्थ समजावा.

विजेचा भार : 100 अँपिअरवर काम चालू असता हे यंत्र घरच्या 230 व्होल्टच्या तारेतून 15 अँपिअरहून अधिक वीज ओढू शकते. म्हणून ते साध्या प्लगात न लावता वायरमनकडून स्वतंत्र तार, एमसीबी व पक्की अर्थिंग करून घ्यावी. गावात व्होल्टेज उतरत असेल, तर किती व्होल्टपर्यंत यंत्र चालते हे खरेदीपूर्वीच विचारावे.

डोळ्यांचे रक्षण : यंत्रासोबत 10 किंवा 11 शेडच्या काचेचा मुखवटा घेतल्यावाचून दुकान सोडू नये. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. चामडी हातमोजे, सुती कपडे व बूट वापरावेत. जस्ताचा मुलामा असलेल्या नळाचा धूर नाकात गेल्यास थंडीताप येतो. डिझेलची रिकामी टाकी कदापि जोडू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

सरावाचे पहिले रॉड भंगारातील पट्टीवरच जाळावेत. वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो. भरल्या ट्रॉलीचा हूक असा सुटल्यास माणूस दगावतो. तेव्हा हूक, आस व चाक यांचे काम कुशल कारागिराकडूनच करवून घ्यावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंच्या मनावर आवर्जून बिंबवावे.